जुने बेअरिंग फेकण्याआधी



या सदरात आपण आजवर नळाचे वायसर, शिलाई मशीनची शटल, मिक्सरची कार्बन अशा लहानसहान दुरुस्त्यांबद्दल बोलत आलो. या वेळचे काम जरा मोठे आहे. पण ज्या घरात ते निघते, त्या घराची चूल त्याच्यावरच पेटत असते. विषय आहे ऑइल इंजिनचे बेअरिंग बदलण्याचा.

आपल्या कितीतरी घरांत अजून एक-सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. कुणाकडे विहिरीवर, कुणाकडे रसवंतीवर, कुणाच्या पिठाच्या गिरणीत वीज जाईल तेव्हासाठी म्हणून, तर किनाऱ्यावर कुणाच्या होडीत. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली. सातारा रोडचे कूपर, कोल्हापूर आणि राजकोटच्या कारखान्यांतून निघालेली लिस्टर पद्धतीची संथ इंजिने, अशी ही मंडळी वडिलांकडून मुलाकडे वारसाने येतात. ती टिकतातही. मात्र कधी ना कधी त्यांच्या पोटातून ठक-ठक ऐकू येते आणि मेस्त्री सांगतो, "बेअरिंग गेलं."

मग घरात प्रश्न उभा राहतो की हे आपले आपण करावे की मेस्त्रीला द्यावे. आमचे उत्तर असे की काही भाग घरी होतो, काही मुळीच होत नाही, आणि दोन्हीच्या आधी एक काम असते जे बहुतेक जण करतच नाहीत. ते म्हणजे जुने बेअरिंग नीट पाहणे.

मऊ का असते?

आधी हे बेअरिंग म्हणजे काय ते पाहू. सायकलच्या चाकातले छऱ्यांचे बेअरिंग सगळ्यांनी पाहिलेले असते. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बसते ते वेगळे. ती बांगडीची दोन अर्धुके समजा. मागची बाजू पोलादाची, आतल्या बाजूला मऊ धातूचा थर. ही दोन अर्धुके क्रँकच्या गोल दांड्याला, म्हणजे जर्नलला, दोन्हीकडून कवेत घेतात.

क्रँकची कल्पना जुनी आहे. अल-जझरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या यंत्रांवरील ग्रंथात पाणी उपसण्याचे असे यंत्र आहे, ज्यात गोल फिरणाऱ्या क्रँकने दट्ट्या मागेपुढे होतो. डिझेल इंजिनमध्ये हेच उलट्या बाजूने घडते. दट्ट्या वरखाली होतो आणि क्रँक फिरतो. मधला सगळा भार त्या दोन अर्धुकांवर येतो.

एवढा भार असताना धातू मऊ का ठेवतात, असा प्रश्न कुणालाही पडेल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये कथील, तांबे आणि अँटिमनी यांचे मिश्रण बेअरिंगसाठी वापरले. त्यांच्या नावावरून त्याला बॅबिट म्हणतात. आपले मेस्त्री त्याला व्हाइट मेटल म्हणतात. मऊ धातूचा फायदा असा की तेलातून एखादा कण आलाच तर तो त्या थरात रुततो आणि क्रँकला कापत नाही. आणि तेल संपले तर आधी हा थर झिजतो किंवा वितळतो, क्रँक वाचण्याची शक्यता राहते. बेअरिंग बदलता येते, क्रँक महाग असतो. एकाने झिजायचे आणि दुसऱ्याला वाचवायचे, असा हा हिशेब आहे.

इंजिन नीट चालत असताना मात्र ते झिजायलाच नको, कारण जर्नल आणि बेअरिंग एकमेकांना टेकतच नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशांप टॉवर हे रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला म्हणून त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडले, तर त्या भोकातून तेल उलटे वर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंत दाखवणारा दाबमापक लावला, तर काटा त्याच्याही पुढे गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाला आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या तेलावर तरंगतो, हे तेव्हा उमगले. १८८६ मध्ये ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले.

बेअरिंग बसवण्यातले सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. तेलाला शिरायला जागा हवी. ती फार कमी असली तर तेल शिरत नाही, आणि फार जास्त असली तर तेल कडेने निसटते व दाब धरत नाही. साधारण ठोकताळा असा की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी मोकळीक ठेवावी. जर्नल ५० मिलिमीटरचा असेल तर ०.०५ मिलिमीटर. डोक्याचा एक केस बोटांत धरून पाहा, जागा साधारण तेवढीच. खरा आकडा मात्र तुमच्या इंजिनच्या पुस्तिकेत असतो. तोच प्रमाण माना.

एका गिरणीची हकिकत

आमच्या माहितीतले सांगली जिल्ह्यातले एक घर आहे. वडील हयात नाहीत. गिरणी आई चालवते, मोठा मुलगा हाताखाली असतो, धाकटी मुलगी अकरावीत शिकते. दळण, मिरची-मसाला कांडणे आणि शेवयांचे मशीन. वीज असली की मोटर, वीज गेली की इंजिन. रमजानला दोन आठवडे असताना इंजिन ठोकू लागले. गावातल्या बाया ईदच्या शेवयांसाठी रवा घेऊन येण्याचे हेच दिवस. वर्षातली सगळ्यात मोठी कमाई याच महिन्याची.

मुलाने बाजूचे झाकण उघडले, रॉड हलवून पाहिला आणि सांगितले, "अम्मी, बेअरिंगच आहे. मिरजेतून नवीन आणतो, संध्याकाळपर्यंत बसवतो. मेस्त्रीचे पैसे वाचतील."

आई म्हणाली, "आठ महिन्यांपूर्वी नवीन टाकलं होतं ना? मग ते का गेलं, ते आधी सांग."

मुलाकडे उत्तर नव्हते. आईने आपल्या भावाला फोन लावला. मुलांचे हे मामू मिरजेत तीस वर्षे लेथवर होते. ते दुसऱ्या दिवशी आले ते मायक्रोमीटर घेऊनच. आम्हीही तिथे होतो, म्हणून पुढचे सांगू शकतो.

मामूंनी आधी पाने हातात घेतले नाहीत. त्यांनी भाचीला एक ट्रे आणि कोरी वही आणायला सांगितले. जे निघेल ते ज्या बाजूने निघाले त्याच बाजूने ट्रेमध्ये ठेवायचे, आणि वहीत लिहायचे. कॅपवर आणि रॉडवर पंचने मारलेले आकडे कोणत्या बाजूला होते, तेल उडवणाऱ्या चमच्याचे तोंड कुणीकडे होते, वरचे अर्धुक कोणते, खालचे कोणते. मुलगी सगळे लिहीत होती, मोबाइलवर फोटोही घेत होती.

जुनी अर्धुके बाहेर आली तेव्हा मामूंनी ती रॉकेलने धुतली नाहीत. आधी उन्हात नेऊन तशीच पाहिली. मऊ थरात काळे ठिपके रुतलेले होते, आणि फिरण्याच्या दिशेने बारीक चरे होते. मामू म्हणाले, "हे तेल कमी पडून गेलेलं नाही. कचरा खाऊन गेलंय. दगड खाल्लाय याने."

मग शोध सुरू झाला की दगड आला कुठून. इंजिनमध्ये तेल ओतायच्या तोंडाचे झाकण केव्हातरी हरवले होते आणि तिथे चिंधी कोंबलेली होती. इंजिनापासून दोन हातांवर जाते. जात्याला टाकी लावायची ती तिथेच बसून. छिन्नीने उडणारी दगडाची बारीक भुकटी चिंधीवर बसे आणि इंजिनच्या धक्क्यांनी हळूहळू आत उतरे. पीठ उडते ते मऊ असते, त्याने इतके झाले नसते. दगडाची भुकटी मात्र धातू कापते. आठ महिन्यांपूर्वी बेअरिंग बदलले तेव्हा त्या चिंधीकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते. मुलाने त्या संध्याकाळी नवीन बसवले असते, तर तेही त्याच वाटेने गेले असते.

जुने बेअरिंग काय सांगते?

मामूंनी त्या दिवशी भाच्यांना जे दाखवले, ते थोडक्यात इथे देतो. जुनी अर्धुके उजेडात धरून पाहा.

काळे ठिपके आणि चरे असतील तर तेलात घाण आहे. झाकण, गाळणी, तेलाचा डबा, तेल ओतायचे नरसाळे, सगळे तपासा.

थर पुसल्यासारखा पसरलेला असेल, जर्नल निळसर पडला असेल, तर तेल पोचलेच नाही. पातळी कमी होती का, तेलाचे भोक बुजले आहे का, चमचा वाकला आहे का, पंप असेल तर तो ओढतो का, ते पाहा.

बारीक खड्डे, जणू उधई लागली, आणि तेलाला आंबूस वास असेल, तर तेल जुने झाले किंवा त्यात पाणी गेले. तेल दुधाळ दिसत असेल तर पाण्याची खात्रीच समजा. गॅस्केट किंवा सिलिंडर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एका अर्धुकाच्या फक्त एका कडेला झीज आणि दुसऱ्या अर्धुकाच्या उलट कडेला झीज असेल, तर रॉड वाकला आहे. तो मापून सरळ करावा लागतो किंवा बदलावा लागतो.

थराचे तुकडे पडलेले असतील, तर भार झेपण्यापलीकडे होता, किंवा बेअरिंगचे वय झाले.

रॉडमधले वरचे अर्धुक खालच्यापेक्षा थोडे जास्त झिजलेले दिसले, तर घाबरू नका. जळणाऱ्या डिझेलचा धक्का वरच्यावरच येतो. दोन्हीची झीज अगदी सारखी नसते.

हे पाहून झाल्यावर जुनी अर्धुके कागदात गुंडाळा, त्यावर तारीख लिहा आणि ठेवून द्या. नवीन आणताना मागच्या बाजूचा शिक्का जुळवायलाही ती लागतात.

मोजल्याशिवाय आणू नका

बेअरिंग ठरावीक मापांत मिळते. एक स्टँडर्ड, आणि क्रँक घासून लहान झाल्यावर लागणारी ०.२५, ०.५० मिलिमीटर अशी पुढची मापे. जुन्या इंचाच्या इंजिनांना दहा थाऊ, वीस थाऊ म्हणतात. तुमचा क्रँक पूर्वी एकदा घासलेला असेल आणि तुम्ही स्टँडर्ड आणलेत, तर नवे बेअरिंगही पहिल्या दिवसापासून ठोकेल.

म्हणून आधी जर्नल मोजायचा. मायक्रोमीटर घरात नसतो, पण कोणत्याही लेथवाल्याकडे असतो. माप दोन ठिकाणी घ्यायचे, एका कडेला आणि दुसऱ्या कडेला. प्रत्येक ठिकाणी दोनदा, उभे आणि आडवे. उभ्या-आडव्यात फरक आला तर जर्नल लंबगोल झाला आहे. दोन कडांत फरक आला तर तो निमुळता झाला आहे. त्यावरून नख फिरवून पाहा. चरा नखाला अडकत असेल तर काम घरचे राहिले नाही.

त्या गिरणीच्या इंजिनमध्ये उभ्या-आडव्यात ०.०६ मिलिमीटरचा फरक निघाला. म्हणजे सगळी मिळून जेवढी मोकळीक हवी, त्याहून जास्त नुसता वाकडेपणा. मामूंनी मायक्रोमीटर भाच्याच्या हातात दिला आणि त्यालाच पुन्हा मोजायला लावले. आकडा तोच आला.

मुलगा म्हणाला, "मामू, ईदपर्यंत स्टँडर्ड टाकून चालवू. ईद झाली की क्रँक घासायला देऊ."

मामूंनी बहिणीकडे पाहिले. क्रँक काढायचा म्हणजे दोन्ही चाके काढायची, मिरजेला न्यायचा, घासून आणायचा, पुन्हा भरायचे. सगळे धरून आठ-दहा दिवस. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ऐन पंधराव्या रोजाला बंद पडलं तर लोकांचा भिजवलेला रवा माझ्याकडे पडून राहील. त्यापेक्षा आजच सांगते, पहिले दिवस वीज असेल तेव्हाच शेवया होतील, ज्यांना घाई असेल त्यांनी शेजारच्या गावी करून घ्याव्यात." आणि तिने त्याच संध्याकाळी तसे सांगितले. काही गिऱ्हाइके गेली. त्याचा हिशेब तिने मनात आधीच केला होता.

या सगळ्यातून घरच्या कामाची हद्दही कळते. रॉडचे बेअरिंग काढणे, पाहणे, मोजणे, साफसफाई आणि बसवणे हे सावधपणे घरी होऊ शकते. क्रँक घासणे, रॉड सरळ करणे, आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची मेन बेअरिंग दाबून बसवणे ही यंत्रशाळेची कामे आहेत. जर्नलवर पॉलिश पेपर फिरवून तो गोल होत नाही. बेअरिंगच्या मागे पत्र्याची किंवा कागदाची पट्टी घालून ठोका बंद करणे हा जुगाड तर कधीच करू नये. पोलादाची पाठ रॉडला घट्ट चिकटली तरच उष्णता बाहेर जाते. मध्ये कागद आला की बेअरिंग आतल्या आत तापते.

बसवताना

ज्या दिवशी बसवायचे त्या दिवशी जागा झाडून, पाणी मारून घ्या आणि धूळ बसू द्या. गिरणी त्या वेळी बंदच हवी. तेलाची टाकी पूर्ण रिकामी करून तळ पुसून घ्या. पुसायला सुताची गुठळी वापरू नका, तिचे धागे आत राहतात. धुवट सुती कापड घ्या. क्रँक घासून आला असेल तर त्याची तेलाची भोके आतून धुऊन, फुंकून घ्या, कारण घासण्याची भुकटी तिथेच दडून बसते.

नवी अर्धुके शेवटच्या क्षणापर्यंत पाकिटातच राहू द्या. मागच्या शिक्क्यावरचे माप जर्नलच्या मापाशी जुळते का ते पुन्हा पाहा. मग अशा क्रमाने जा.

पहिले, अर्धुकाची पाठ आणि रॉडची बैठक दोन्ही कोरडी, स्वच्छ करा. पाठीला तेल लावायचे नाही.

दुसरे, अर्धुकाच्या कडेला असलेली छोटी जीभ रॉडच्या खाचेत बसते. ती खाचेतच गेली पाहिजे. तेलाचे भोक असेल तर ते भोकासमोरच यायला हवे.

तिसरे, अर्धुक बसल्यावर त्याच्या कडा किंचित वर राहिलेल्या दिसतील. त्या कानशीने घासू नका. कॅप आवळली की त्या दाबल्या जाऊन बेअरिंग घट्ट धरून ठेवतात, म्हणून कारखान्यातूनच ती तशी येतात.

चौथे, मोकळीक तपासा. मेणासारख्या मऊ दोऱ्याचा एक प्रकार बाजारात प्लॅस्टिगेज नावाने मिळतो. जर्नल कोरडा पुसून त्यावर तो तुकडा आडवा ठेवा, कॅप लावून पूर्ण आवळा, क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा सोडा. दोरा जितका चपटा झाला तितकी जागा कमी. पाकिटावरच्या पट्टीशी रुंदी जुळवली की आकडा मिळतो. तो पुस्तिकेतल्या हद्दीत असेल तरच पुढे जा. नंतर दोऱ्याचा अंश पुसून टाका.

पाचवे, आता आतल्या बाजूला आणि जर्नलला भरपूर स्वच्छ तेल लावा. रॉडच्या बोल्टवर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे पिस्टन खाली आणताना बोल्टचे आटे जर्नलला ओरखडणार नाहीत.

सहावे, कॅप आकड्याला आकडा जुळवून लावा. कॅप उलटी बसते, दिसतेही ठीक, आणि इंजिन खराब करते. चमचा असेल तर जसा होता तसाच.

सातवे, नट टॉर्क पान्याने आवळा. एकदम नाही. दोन्ही नट आळीपाळीने, तीन टप्प्यांत. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने किंवा मागून आणा. मुठीचा अंदाज कितीही मुरलेला असला तरी इथे चालत नाही. स्प्लिट पिन असेल तर ती नवीनच घाला, आणि भोक जुळवण्यासाठी नट सैल करू नका.

आठवे, आता चाक हाताने फिरवा. ते सारख्या जोराने फिरले पाहिजे. कुठे अडकत असेल तर तिथेच थांबा आणि उघडून पाहा. डिझेल चालू करून "बसेल आपोआप" असे म्हणू नका.

पहिले तास

नवीन तेल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे आणि पातळीइतके भरा. डिझेल बंद ठेवून, डिकॉम्प्रेशनचा दांडा उचलून चाक बरेच फेरे फिरवा. त्याने तेल सगळीकडे पोचते. पंपाचे इंजिन असेल तर दाब येतो का ते इथेच पाहा.

मग पट्टा न चढवता, भार न देता दहा-पंधरा मिनिटे चालवा. बंद करा. डिझेलचा कॉक बंद, चाक पूर्ण थांबलेले, इंजिन जरा निवलेले, मग झाकण उघडून रॉडच्या टोकाला हात लावा. इतर भागांपेक्षा तोच जास्त तापला असेल तर कारण शोधा. सगळे ठीक असेल तर पुढचे काही तास अर्ध्या भारावर चालवा. पहिले तेल लवकर बदला, साधारण २५ ते ५० तासांत किंवा पुस्तिकेत असेल तेव्हा. त्या तेलात सुरुवातीचे बारीक कण उतरलेले असतात.

घरातल्यांसाठी

काही सूचना कामाच्या नाहीत, माणसांच्या आहेत.

संथ इंजिनची चाके जड असतात. आत हात असताना चाक थोडे जरी फिरले तरी बोट जाते. म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारूनच आत हात घाला. ओढणी, पदर, सैल बाही, लोंबणारा मफलर जवळ नको.

बेअरिंगच्या थरात बऱ्याचदा शिसे असते. जुनी अर्धुके चमकदार असतात, मुलांना खेळायला आवडतात. ती त्यांच्या हाती लागू देऊ नका. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय इफ्तारीच्या खजुरालाही हात लावू नका. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका, लहान बाळ असेल तर मुळीच नको.

काढलेले तेल विहिरीजवळ, गटारात किंवा बांधावर ओतू नका. ते जमिनीत मुरून पाण्यात जाते आणि तेच पाणी आपण पितो. झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या. चुलीत जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो.

वही

त्या गिरणीचा क्रँक घासून आला तेव्हा आठवा रोजा होता. नवीन बेअरिंग ०.२५ चे बसले. बसवले मुलाने, मामू बाजूला खुर्चीवर बसून फक्त पाहत होते. तेल ओतायच्या तोंडाला झाकण मिळाले, आणि जात्याला टाकी लावायची जागा आईने परसात, चिंचेखाली हलवली. ईदच्या आदल्या रात्री वीज दोनदा गेली, इंजिनने शेवया पूर्ण केल्या.

मात्र आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती मुलीची वही. तिच्या पहिल्या पानावर तिने लिहून ठेवले आहे: इंजिनचा नंबर, जर्नलचे माप, बेअरिंगचे माप, टॉर्कचा आकडा, तेलाचा दर्जा, तारीख. खाली एक ओळ: "मागचे बेअरिंग आठ महिने चालले. कारण: झाकण नव्हते." मागच्या वेळी ज्याने बेअरिंग बदलले, त्याने काय पाहिले, काय मोजले, हे घरात कुणालाच माहीत नव्हते. वडील असते तर त्यांना इंजिनची आधीची सगळी हकिकत ठाऊक असती, पण ती त्यांच्याबरोबरच गेली.

ज्या घरात इंजिन आहे तिथे अशी एक वही असू द्या. ती डिझेलच्या कॅनजवळ नको, कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. आणि ती लिहायचे काम घरातल्या मुलीला किंवा मुलाला द्या. पुढच्या वेळी इंजिन ठोकू लागेल तेव्हा पान उघडून पहिला प्रश्न तेच विचारतील: मागचे का गेले?

पुढच्या अंकात पाण्याच्या मोटरचे वाइंडिंग जळते त्याबद्दल बोलू, इन्शाअल्लाह.